बासष्ट

होशंग दुभाषच्या दुकानात, टांकसाळीमागच्या गल्लीत,
पंखा फक्त होशंग दुभाषला वारा घालतो.
काचेवर त्याने दोन रुपये मांडले.
दोन्ही राणीछाप, दोन्ही अठराशे बासष्टचे,
तपासणाऱ्यांनी दर्जाही दिलेला बासष्टच,
आणि दोन्ही पारदर्शक पेटीत कायमचे बंद.
एकाच्या डोक्यावर पांढरी चिठ्ठी.
दुसऱ्याच्या डोक्यावर सोनेरी,
तिच्यावर वळणदार अक्षरांत: दिवाणबहादूर संग्रह.

“कोण हे दिवाणबहादूर?”
“आपल्याला काय ठाऊक, साहेब.
पन लेबल सोनेरी आहे नी.”
फरक साडेचार हजारांचा.

छत्तीस वर्षं मी बँकेत कॅशवर काढली.
रुपया घ्यायचा तर वाजवून घ्यायचा,
हे मला शिकवायला कुणी लागलं नाही.
पेटीतला रुपया वाजत नाही.
हलवून पाहिली, साधी खुळखुळतही नाही.
मी दोन्ही घेतले.
का घेतले, ते चारुशीलेला
अजून धड सांगता आलेलं नाही.

रविवारी दुपारी माझगाव झोपलेलं,
गोदीतून एखादा भोंगा, बाकी सामसूम.
मी ओट्यावर जुना टॉवेल अंथरला,
पकड आणली, हातोडी आणली.
पेट्या चिवट. पहिली तिसऱ्या घावाला गेली,
दुसरीने माझा अंगठाही घेतला.
मग दोन्ही रुपये स्टीलच्या वाटीत टाकून
डोळे मिटले,
आणि भिशीच्या चिठ्ठ्या हलवाव्यात तशी
वाटी हलवली, बराच वेळ.

डोळे उघडले तर दोन राण्या.
एकीला कडाप्प्यावर वाजवलं, मग दुसरीला.
दीडशे वर्षांपलीकडून
काय खणखणीत आवाज आला म्हणता!
चारुशीला उठली ती त्यानेच.

सगळं सांगितलं. तिने चष्मा लावला.
“यातला महागाचा कुठला?”
मी भिंग घेऊन बसलो.
मुकुटातले मणी मोजले, झग्यावरची नक्षी,
मागच्या बाजूचे ठिपके, कडेचे दाते.
दिवाणबहादूर कुठेच भेटले नाहीत.
“नाव सोनुबाई,” ती म्हणाली,
आणि माझा अंगठा पाहून
पुढचं गिळलं.

मग तिने त्यातला एक उचलला.
“हिच्या हनुवटीला ओरखडा आहे बघा.
ही मला द्या.”
आणि ठेवला शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये.
तो सोनेरीवाला असेल. नसेलही.

होशंगला फोन केला. तो आधी हसला,
मग नुसता श्वास ऐकू आला.
“दोन्ही फोडल्या?”
“दोन्ही.”
“साहेब, आता कोन मानेल ते बासष्ट आहेत म्हणून?”
“अठराशे बासष्ट तर आहेत,” मी म्हणालो.
ते त्याला पटलं नाही.
खरं सांगायचं तर रात्री मलाही
तेवढंसं पटत नव्हतं.

आवराआवर झाली. प्लास्टिकचे तुकडे गेले,
पांढरी चिठ्ठी चहाच्या चोथ्याबरोबर गेली.
सोनेरी टाकायला बोटं तयार होईनात.
कागदच तो. प्रकाशात धरला की
त्यावर बारीक वेलबुट्टी दिसते,
आणि ज्याला मी कधी पाहिलं नाही
अशा एका माणसाची पगडी दिसल्यासारखी वाटते.
खिशात ठेवली.

संध्याकाळी दूध आणायला निघालो.
दार ओढताना पितळी पाटीवर नजर गेली:
य. वि. तळपदे, बी.कॉम., सी.ए.आय.आय.बी.
दर दिवाळीला मी ती चिंचेने घासतो.
निवृत्तीला अकरा वर्षं झाली.
खालच्या मजल्यावरचा परेरा मला
आजही “कॅशियरसाहेब” म्हणतो,
आणि त्याने पाटी वाचलेली
मी कधी पाहिलेली नाही.

दूध घेऊन परतलो, तर किल्ली आत राहिलेली.
कडी वाजवली.
“कोण?”
“मी,” एवढंच म्हणालो.
दार उघडलं.

चिठ्ठी अजून खिशात आहे.
टाकीन.